आधी नाक, मग लेबल

तीर्थरूप दादा,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. (साष्टांग घालायची फार इच्छा आहे, पण एकदा आडवी झाले की मला उठवायला शेजारचा शिंपी बोलवावा लागतो, आणि त्याच्या स्वतःच्या कमरेचं काही खरं नाही. तेव्हा काउंटरला टेकून उभ्या उभ्या केलाय असं समज.) तुझी तब्येत बरी असेल. वहिनींचा खांदा आता कसा आहे? मागे फोनवर म्हणाल्या, हात डोक्यापर्यंत जातो पण वेणी घालता येत नाही. त्यांना सांग, दोन वेळा शेक घ्या आणि तुझा सल्ला मुळीच घेऊ नका. तू आयुष्यभर पूल बांधलेस, खांदे नाहीत. तुझी साखर, तुझा रक्तदाब आणि तुझा हट्ट आटोक्यात असतील अशी आशा करते. पहिल्या दोहोंबद्दल तरी करते.

आता पहिल्याच ओळीत (तब्येतीच्या ओळी सोडून) एक गोष्ट स्पष्ट करून टाकते. हे पत्र मी तुला बोलावण्यासाठी लिहीत नाही. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मी दुकान बंद करतेय, कायमचं, हे वहिनींकडून तुला कळलं असणारच. कळल्यावर तू चष्मा कपाळावर सरकवून 'मी नऊ वर्षांपूर्वीच सांगितलं होतं' असं म्हणाला असशील, तेही मला इथून दिसतंय. म्हण बाबा, तुझा हक्क आहे. नऊ वर्षांपूर्वी तू जागा विकत घेणाऱ्या कुणा गिऱ्हाइकाला घेऊन आलास, बाबांच्या कपाटांना टेप लावून मापं घ्यायला लागलास, आणि मी तुला म्हणाले की पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस. माणसं रागात बोलतात, दादा. दुसरा कुणी असता तर महिन्याभरात विसरला असता. पण तू पडलास इंजिनिअर, शब्द म्हणजे शब्द. त्यानंतर तू दोनदा आलास, दोन्ही वेळा वहिनींना आत पाठवून स्वतः फुटपाथवर हात मागे बांधून उभा राहिलास. मी चहा बाहेर पाठवला. तू तो प्यायलास आणि कपबशी पायरीच्या खाली ठेवून गेलास. (खाली. इंचभरसुद्धा वर नाही. मी खिडकीतून बघत होते.) तर दुकान बंद होतंय ते गुडघ्यांमुळे. शिडीवर चढता येत नाही. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही, आणि जागा चष्मेवाला घेतोय. विषय संपला.

पत्राचं खरं कारण एक बाटली आहे. बाबांची गवताची बाटली आठवते ना? गोल बुडाची, खाली गवताचं विणलेलं कवच असलेली, वरच्या फळीवर एरंडेलाच्या बरणीमागे ठेवलेली? दुकानाला बाटल्या आणि बरण्या पुरवणारा तो फिरता विक्रेता, आपण ज्याला काचवाला म्हणायचो, तो वर्षातून एकदा बाबांना इटलीची ही लाल वाइन आणून द्यायचा. बाबांनी आईला सांगितलं होतं की तो पोटाचा अर्क आहे. आई काही कालची नव्हती. तिने एक अक्षर न बोलता ड्रॉवरमधलं 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं लाल लेबल काढलं, थुंकी लावली आणि बाटलीच्या मूळ लेबलावर ठाप्पकन चिकटवलं. बाबांनी ते कधी काढलं नाही. उलट दरवर्षी नवी बाटली आली की आईच्या हातात द्यायचे, आणि ती लेबल लावून परत द्यायची. त्या दोघांत प्रेमाचं बोलणं मी कधी ऐकलं नाही, पण हे मात्र दरवर्षी बघितलं.

तर आवराआवर करताना ती शेवटची बाटली सापडली. रिकामी, गवत अर्धं झडलेलं, आईचं लेबल मात्र अजून घट्ट. माझ्या मनात आलं की शेवटच्या शनिवारी दुकान बंद करण्याआधी बाबांचीच वाइन, बाबांच्याच औषध मोजायच्या पेल्यातून एक घोट घ्यावी आणि मग कुलूप लावावं. म्हातारपणी माणूस हळवा होतो, तू हसू नकोस. पण ती नेमकी कुठली, हे कसं कळणार? आईच्या लेबलाखाली सगळं झाकलेलं. मी वाफेवर धरून लेबल सोडवायला गेले (पस्तीस हजार लेबलं लावली असतील आयुष्यात, मला वाटलं एक काढता येईल) तर आईच्या डिंकाने खालचा कागदही सोबत ओढून आणला. हाती लागला एकच शब्द, कियांती. बाकीचा लगदा.

एवढ्या भांडवलावर मी त्या कोपऱ्यावरच्या वाइनच्या दुकानात गेले. आत एक कुरळ्या केसांचा, एप्रन घातलेला गृहस्थ. मी म्हटलं, कियांती द्या. तो म्हणाला, कुठली? मी म्हटलं, लाल. त्याने माझ्याकडे जसं बघितलं ना दादा, तसं मी गेली सेहेचाळीस वर्षं 'ती पांढरी गोळी द्या' म्हणणाऱ्या माणसांकडे बघत आलेय. वाईट वाटलं त्या सगळ्यांसाठी. मग त्याने मला स्टुलावर बसवलं आणि चार बाटल्या ओळीने मांडल्या. पहिली साधी कियांती, तीच आपली गवतातली. हल्ली गवत बहुतेक हौसेपुरतंच असतं म्हणे. दुसरी क्लासिको, म्हणजे कियांती नावाच्या त्या मुलखाच्या अगदी मधल्या, जुन्या टेकड्यांवरची; तिच्या गळ्यावर काळा कोंबडा छापलेला असतो. (मी विचारलं, कोंबडा कशासाठी. त्याने मला दोन शहरांच्या हद्दीच्या भांडणाची मोठी गोष्ट सांगितली, त्यात कोंबडा लवकर आरवतो आणि एका बाजूला जास्त जमीन मिळते. म्हणजे त्यांच्याकडेही जागेवरून भांडणं आहेतच, एवढं मला समजलं.) तिसरी रिझर्वा, तीही कोंबड्याची, पण निदान दोन वर्षं मुरवलेली. आणि चौथी ग्रान सेलेझिओने, अडीच वर्षं मुरलेली, मालकाच्या स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांची, सगळ्यांत वरची. द्राक्ष मात्र चारही ठिकाणी मुख्यतः एकच. मी म्हटलं, म्हणजे मूळ औषध एकच, फरक फक्त कुठून आणलं आणि किती धीर धरला याचा. तो म्हणाला, आजी, हे वाक्य मी वापरू का. मी म्हटलं वापर, पण आजी म्हणू नकोस.

मग त्याने प्रत्येकीचा थोडा थोडा घोट ग्लासात ओतला आणि मला म्हणाला, नाक आत घाला आणि सांगा काय येतं. आता नाक कुठे घालावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी ग्लास हलवला, डोळे मिटले, चांगला लांब श्वास घेतला, आणि म्हटलं, आधी तू सांग. तो भलताच खूश झाला. चेरी म्हणाला, जांभळी फुलं म्हणाला, चामडं म्हणाला, तंबाखू म्हणाला, पावसानंतरची माती म्हणाला. मी प्रत्येक वेळी मान डोलावली आणि 'अगदी' म्हटलं. चौथ्या ग्लासाला तर 'अगदी, अगदी' असं दोनदा म्हटलं, कारण ती सगळ्यांत वरची होती. चारही घेऊन घरी आले.

आता बाबांची परीक्षा कशी असायची ते तुला आठवत असेलच, तरी मला लिहायचंय म्हणून लिहिते. दुकानाचा नियम एकच, 'आधी नाक, मग लेबल.' कुठलीही बाटली हातात घेतली की आधी बूच काढून वास घ्यायचा, नंतर वाचायचं. कारण लेबल माणूस लावतो आणि माणूस चुकतो, वास चुकत नाही. रविवारी दुपारी दुकान बंद करून ते आपल्या दोघांच्या डोळ्यांवर गॉझची पट्टी बांधायचे आणि एकेक बरणी नाकाखालून फिरवायचे. कापूर, निलगिरी, लवंगतेल, टर्पेंटाइन, ते घाणेरडं माशाचं तेल. लहानपणी बक्षीस पेपरमिंटची गोळी असायची. आपण मोठे झाल्यावर, तू कॉलेजातून सुट्टीला यायला लागल्यावर, बक्षीस बदललं. छत्तीसच्या छत्तीस ओळखल्या की गवताच्या बाटलीतून एक औषधी पेला, दहा मिलिलिटरच्या रेघेपर्यंत, थेंबभर इकडे नाही की तिकडे नाही. तू दर सुट्टीत जिंकायचास. नाक असावं तर तसं. मी फार तर तिसापर्यंत जायचे आणि त्यातल्या चार-पाच पट्टीच्या फटीतून बघून. मी जिंकले ते एकदाच, तुला सर्दी झाली होती तेव्हा. त्या एका पेल्याची चव मी पन्नास वर्षं जपून ठेवलीय. आधी आंबट, इतकी की कानाच्या मुळाशी कळ आली, मग कोरडी, आणि सगळ्यांत शेवटी, गिळून झाल्यावर, बाबांच्या हातासारखा काहीतरी वास. गंमत बघ, ज्याला नाक होतं तो पूल बांधायला गेला, आणि दुकान मिळालं ते फटीतून बघणारीला. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बाबांना वाटलं असेल कदाचित, पण ते बोलले नाहीत.

तर चाचणी बाबांच्याच पद्धतीने, लेबल न बघता व्हायला हवी होती. मी चारही वाइन आपल्या तपकिरी मिक्श्चरच्या बाटल्यांत ओतल्या. सगळ्या सारख्या, सगळ्यांना सारखं बूच. क, ख, ग, घ असं लिहिलं आणि कोण कुठली ते चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली. कोरी लेबलं संपली होती, म्हणून छापील वापरली. 'चांगले हलवून, एक चमचा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.' आणि मग, इथे कपाळाला हात लाव, हाताला सेहेचाळीस वर्षांची सवय असल्यामुळे मी त्या चारही बाटल्या ओळीने तयार औषधांच्या फळीवर ठेवल्या.

शेजारचा शिंपी तुला आठवतो का? तू गेलास तेव्हा त्याचे केस काळे होते. त्याला आपल्या हातचं खोकल्याचं मिक्श्चर लागतं. सगळं गाव पट्टीतल्या गोळ्या खातं, तो मात्र बाबांच्या नुस्ख्यावर अडून बसलाय. (माझं हे शेवटचं मिक्श्चर-गिऱ्हाईक. त्याच्यासाठी मी खल-बत्ता अजून पॅक केलेला नाही.) तो आला तेव्हा मी शिडीवर होते. हो, गुडघे असूनही, मधे बोलू नकोस. वरूनच ओरडले की फळीवर ठेवलंय, घेऊन जा. त्याने ग नेली. चार दिवसांनी आला आणि बाटली काउंटरवर ठेवली. मग म्हणाला,

"ताई, खोकला आहे तसाच आहे. पण आता त्याचं काही वाटत नाही."

मी बाटली हातात घेतली आणि लेबलावरचा ग बघितला. इतक्या वर्षांत माझ्या हातून चुकीची बाटली गेली नव्हती, दादा. एकही नाही. मी त्याला खाली बसवलं, नाडी बघितली, डोळे बघितले, चार वेळा माफी मागितली. तो म्हणाला माफीचं सोडा, अजून आहे का. मी म्हटलं हे औषध नाही. म्हणाला ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, पण लेबलावर दिवसातून तीन वेळा लिहिलंय आणि मी औषध कधी अर्धवट सोडत नाही.

मग काय करणार, त्यालाच परीक्षक नेमला. तीन-चार दुपारी आम्ही दोघं काउंटरच्या दोन बाजूंना बसलो, मध्ये चार बाटल्या, आठ औषधी पेले, दहाच्या रेघेपर्यंत. त्याला चेरी-चामडं काही ठाऊक नाही. त्याने क चा घोट घेतला आणि म्हणाला, हा रोजचा सदरा, दोन धुण्यांत मऊ होईल. ख ला म्हणाला, शिवण सरळ आहे, कॉलर जरा ताठ आहे, पण माणूस चारचौघांत नीट दिसेल. ग शी त्याची आधीच दोस्ती झालेली, तिला म्हणाला, हा अस्तर लावलेला कोट, आतून कळतो. आणि घ तोंडात बराच वेळ घोळवून, खिडकीबाहेर बघत म्हणाला, काम फार सुंदर आहे ताई, पण हा लग्नातला कोट आहे, घालून खाली बसता येत नाही. मी चिठ्ठी काढून पडताळलं. क साधी, ख क्लासिको, ग रिझर्वा, घ ग्रान सेलेझिओने. एकाही पायरीत चुकला नव्हता तो माणूस. वाइनवाल्याला सांगितलं तर तो खुर्चीत मटकन बसलाच.

या गडबडीत दुकानाकडे जरा दुर्लक्ष झालं, ते कबूल करते. आठवड्यात दोनदा दूध करपलं. मी इथेच बसले होते, पातेलं मागच्या खोलीत, आणि शिंपी धावत आला तेव्हा कुठे कळलं. एकदा पेपरमिंट तेलाची बाटली मागच्या कपाटात लवंडली आणि मी दिवसभर मजेत बसलेली. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक डोळे पुसतंय आणि मी म्हणतेय, साथ आलीय वाटतं. विचारांच्या तंद्रीत होते, दुसरं काय.

बाकी दुकान जवळजवळ रिकामं झालंय. चिनी मातीच्या बरण्या शाळेच्या प्रयोगशाळेला दिल्या, तराजू मात्र ठेवलाय. कपाटं हलवली तेव्हा मागच्या भिंतीवर पेन्सिलीने मारलेल्या आपल्या दोघांच्या उंचीच्या रेघा निघाल्या. तुझी शेवटची रेघ माझ्यापेक्षा चार बोटं वर आहे आणि तिच्यापुढे बाबांच्या अक्षरात तारीख आहे. माझ्या शेवटच्या रेघेपुढे लिहिलंय, 'टाचा उचलल्या.' चष्मेवाला म्हणतो, भिंतीला रंग देणार. दे म्हटलं. त्याची भिंत आहे आता.

असो. निष्कर्ष असा की बाबांची वाइन पहिलीच, साधी, गवतातली. त्यात शंकेला जागा नाही. आंबट, कोरडी, आणि शेवटी तो हाताचा वास, सगळं जिथल्या तिथे, पहिल्या घोटाला ओळखली मी. काचवाला काही बाबांसाठी लग्नातला कोट आणणारा माणूस नव्हता. प्रश्न सुटलाय, तुला यायची काहीच गरज नाही, आणि मी सुरुवातीलाच म्हटल्याप्रमाणे मी बोलावतही नाहीये. शनिवारी दुपारी चारला मी आणि शिंपी एकेक पेला घेऊ आणि पाचला कुलूप लावू. तुला कळावं म्हणून फक्त वेळ लिहिली.

वहिनींना नमस्कार. खांद्याला मलम पाठवत नाही, तिकडच्या दुकानातून ताजं घ्या.

तुझी फटीतून बघणारी,
बहीण

ता. क. वर लिहिलेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नकोस. मला काहीही ओळखू आलेलं नाही. चारही पेले माझ्यासाठी सारखेच होते, ओलं आणि आंबट. मागच्या वर्षीच्या तापानंतर मला वास येत नाही, दादा. चौदा महिने झाले. डॉक्टर म्हणतात येईल, कदाचित नाही येणार. कुणाला सांगितलं नाही. तुला तर मुळीच नाही, कारण तू म्हणाला असतास की बघ. शिडीचं आणि गुडघ्यांचं सगळं खोटं. गुडघे चांगले आहेत. मागच्या महिन्यात शाळेतल्या बाई मलमाची डबी परत घेऊन आल्या, म्हणाल्या याला खवट वास येतोय. मी डबी नाकाशी धरली आणि मला काही म्हणजे काही आलं नाही. त्यांना काही झालं नाही, देवाची कृपा. त्याच दुपारी मी चष्मेवाल्याला फोन केला. आधी नाक, मग लेबल. नाकच नसेल तर त्या काउंटरमागे उभं राहायचा मला हक्क नाही. शिंप्याचा निकाल सदऱ्या-कोटांपुरता ठीक आहे, पण त्याने बाबांचा पेला कधी घेतलेला नाही. तो ओळखणारं नाक आता जगात एकच उरलंय, आणि ते फुटपाथवर उभं राहतं. चारही बाटल्या मी नव्याने आणून ठेवल्यात, बुचं न काढता. आणि अजून एक. दुकानाला तो वास, आपला, आत शिरल्या शिरल्या यायचा तो, अजून येतो का, एवढं मला सांग. मी रोज शटर उघडते आणि मला कळत नाही.

दुसरा ता. क. मी जिंकले त्या दिवशी तुला सर्दी नव्हती. लवंगतेलाला तू दालचिनी म्हणालास. आपल्या घरात झोपेतसुद्धा ती चूक कुणी केली नसती. मला तेव्हाच कळलं होतं, बाबांनाही कळलं होतं, आणि तरी त्यांनी पेला मला दिला. मी काही बोलले नाही, कारण मला तो हवा होता.

तिसरा ता. क. तुझी शपथ पायरीची होती, हे मी विसरलेले नाही. गेल्या आठवड्यात गवंडी बोलावून पायरी काढून टाकलीय. आता तिथे उतार आहे, फुटपाथपासून थेट काउंटरपर्यंत. चष्मेवाला म्हणाला, तीन आठवड्यांसाठी कशाला, मी तर सगळं तोडणारच आहे. मी म्हटलं, असू दे. उतार जरा जास्तच चढा झालाय असं शिंपी म्हणतो. शनिवारी येऊन मापून घे.